लाल टाचण्यांची मोहीम

वाचणाऱ्या थोर मंडळींचे सेवेसी बखरनविसाची विनंती ऐसी की, कोणे एके शहरी, तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांच्या मुलखात राजश्री पाणीमापक नामे गृहस्थ नांदत होते, त्यांनी जगाच्या राजकारणाची मोहीम कैसी मांडिली, तीत कोण कोणास भारी पडले, आणि फत्ते अखेर कोणाचे पदरी आली, हे वर्तमान जैसे घडले तैसे लिहून ठेविले पाहिजे, नाही तर पुढील पिढ्या म्हणतील की पृथ्वीची उलथापालथ होत असता आमचे वडीलधारे काय झोपा काढीत होते. सबब लिहिले आहे. उणेअधिक असेल ते पोटात घालावे.

पाणीमापकांचा हुद्दा म्हणाल तर शहराच्या पाणीखात्याकडून दारोदार हिंडून मीटरवरचे आकडे टिपण्याचा. देह जिन्याखालच्या कोळिष्टकांत वाकलेला, परंतु चित्त सदासर्वदा सात समुद्रांवर. थोरल्या पातशाहीने कोणाचे मालावर किती जकात चढविली, पूर्वेकडील पातशाही कोणत्या बंदरावर डोळा ठेवून आहे, तेलाचे दौलतदार आज कोणाशी गळामिठी करितात आणि उद्या कोणाशी, याची त्यांस खडान्‌खडा खबर असे, आणि प्रत्येक गोष्टीवर त्यांचे एक स्वतंत्र मत असे, जे कोणी मागत नसे. एखाद्या घरच्या बाईने नळास पाणी कमी का येते ऐसे पुसावे, तर यांनी थेट सामुद्रधुनीपासून सुरुवात करावी, आणि मग बाईने हळूच दार लोटून घ्यावे. स्वतःच्या घरात साखरेचा डबा कोठे असतो, हे मात्र त्यांस ठाऊक नव्हते.

त्यांचे कुटुंब बाईसाहेब, शिवणयंत्रावर ज्यांची हुकमत चाले, त्या पडद्यांच्या कडा मुडपीत, विजारी आखूड करीत, फ्रॉक शिवीत, आणि दोन्ही खोल्यांचा खर्च निम्म्याहून अधिक त्याच उचलीत. बाहेरच्या खोलीत एका भिंतीशी त्यांचे यंत्र, त्याशेजारी कपडे चढवावयाचा लाकडी धडपुतळा, आणि समोरच्या भिंतीवर पाणीमापकांनी चिकटविलेला जगाचा भलाथोरला नकाशा, ऐसी मुलखाची वाटणी जाहली होती. नकाशावर टाचण्या रोवलेल्या असत. आपणांस ज्यांचा पक्ष रास्त वाटतो त्या सत्तांस लाल टाचणी, आणि बाकी तमाम निळे. या टाचण्यांची रसद बाईसाहेबांच्या डब्यातून येई, आणि बाईसाहेब कानाडोळा करीत, कारण घरातला माणूस भिंतीशी गुंतलेला बरा, ऐसे त्यांचे धोरण होते.

आता या बखरीतील गनीम सांगणे आले. ते म्हणजे पाणीमापकांचे साडू, एका मोठ्या इस्पितळाच्या औषधभांडाराचे कारभारी. त्यांचे मत ऐसे की थोरली पातशाही म्हातारी जाहली तरी अजून चार पिढ्या तख्तावरून उठत नाही. पाणीमापकांचे मत की ती कधीच उठली, फक्त तिला कोणी सांगितलेले नाही. या वादावरून दोघांची रविवारी लढाई जुंपे, आणि हरवेळी साडूसाहेब उठून, लांब हात करोन नकाशावर बोट आपटीत, आणि त्या आपटण्याचा धाक ऐसा की पाणीमापकांचा मुद्दा जिभेवरच विरून जाई. मग ते हात चोळीत बसत आणि चहा निवे.

त्या साली साडूसाहेबांस इस्पितळाच्या नव्या इमारतीच्या समारंभात भाषणाचा मान मिळाला, आणि जुना कोट पोटावर मिटेना, तेव्हा त्यांनी नवा कोट मेहुणीकडेच टाकिला. बाईसाहेबांचा हा पहिलाच कोट. आणि साडूसाहेबांनी इस्पितळाच्या व्यवस्थापिकाबाईंपाशी शब्द टाकून ठेविला होता की, हा कोट पसंतीस उतरला तर सगळ्या सेवकवर्गाचे कोट यांनाच शिवावयास द्यावे. पडद्यांच्या कडांतून सुटून कारखानदारीस चढण्याची ही एकच शिडी होती, आणि बाईसाहेब ती मोठ्या जपणुकीने चढत होत्या. त्यांनी कच्चा कोट साडूसाहेबांच्या अंगावर चढवून, आपल्या नेहमीच्या शिस्तीप्रमाणे, जेथे सैल सोडणे तेथे लाल टाचणी आणि जेथे आत घेणे तेथे निळी टाचणी लाविली, आणि कोट धडपुतळ्यावर ठेवून आधी हातचे फ्रॉक उरकावयास बसल्या.

इतक्यात जगात मोठी फितुरी जाहली. सकाळच्या बातम्यांत आले की कित्येक लहान सत्तांनी रातोरात पक्ष बदलिला आणि त्या पाणीमापकांच्या बाजूस आल्या. त्यांस हर्ष अनिवार जाहला. परंतु डब्यात लाल टाचणी एकही शिल्लक नाही, बाईसाहेब बाजारात गेलेल्या, आणि जग तर थांबावयास तयार नाही, ऐसा पेच पडला. मग त्यांची नजर कोटावर गेली. त्यांनी विचार केला की टाचणी ती टाचणी, आणि आपण कोणाचे नुकसान करावयाचे नाही, म्हणोन एकेक लाल टाचणी उपसून त्याच भोकात निळी टाचणी रोविली, आणि इतकी चोख अदलाबदल कोणत्याही पातशाहीच्या वकिलास साधली नसती ऐसे मनाशी म्हणून, नकाशा रंगवून, आकडे टिपावयास निघून गेले.

बाईसाहेबांनी निळ्या टाचण्या पाहिल्या आणि मनी जराशा चकित जाहल्या. परंतु धाकटी बहीण, म्हणजे साडूसाहेबांचे कुटुंब, फोनवर नवऱ्याच्या पहाटेच्या फिरण्याचे गोडवे गात होती, तेव्हा भावजी बारीक जाहले म्हणोन आपणच निळ्या लाविल्या असतील ऐसे समजून त्यांनी कोट जागोजाग आत घेतला.

समारंभाच्या आदल्या दिवशी दुपारी साडूसाहेब कोट घालून पाहण्यास आले. बाईसाहेबांनी तो मागून ओढूनताणून चढविला, बटणे लाविली, आणि आरसा आणावयास आत गेल्या. पाणीमापक याच घडीची वाट पाहत होते. त्यांनी नव्या लाल टाचण्यांकडे बोट करोन तोफ डागली, जकातीवरून जहाजांवर गेले, जहाजांवरून चलनावर, आणि अपूर्व गोष्ट ही की साडूसाहेब पुढे सरेनात, हात उगारीनात, चकार शब्द काढीनात, फक्त मुद्रा लालबुंद होत चालली. पाणीमापक समजले की गनिमाचे अवसान गळाले. मग ते अधिकच चेवास येऊन थोरल्या पातशाहीस तख्तावरून उठविते जाहले, आणि इतक्या वर्षांत प्रथमच त्यांचे वाक्य शेवटापर्यंत गेले.

बाईसाहेब आरसा घेऊन बाहेर आल्या, आणि उंबऱ्यातच थबकल्या.

"अहो, त्यांना श्वास घेता येत नाहीये."

बटणे सोडली तेव्हा साडूसाहेबांच्या जिवात जीव आला. बाईसाहेबांनी शिवणी चाचपून पाहिल्या, पुन्हा पाहिल्या, आणि मग यंत्रापुढील स्टुलावर बसल्या. त्यांनी यंत्रावर झाकण ठेविले.

"कोट हे माझं कामच नाही," त्या म्हणाल्या. "मी आपल्या पडद्यांच्या कडाच शिवाव्यात. उगाच मोठा घास घेतला."

साडूसाहेब धीर देऊ लागले की मीच फुगलो असेन. पाणीमापकांची दृष्टी समोरच्या नकाशावर गेली, आणि तेथे त्या तमाम लाल टाचण्या डोळे वटारून त्यांजकडे पाहत होत्या. क्षणात सगळा मामला उमगला. गप्प राहिले असते तर विजय शाबूत होता, साक्षीदार कोणी नव्हता. परंतु झाकलेल्या यंत्राकडे पाहवेना, आणि खाली मान घालून ते बोलिले.

"अगं, तुझं काही चुकलं नाही. कोटावरच्या लाल टाचण्या मी काढल्या. तिथे निळ्या लावल्या."

"कशाला?"

"जगासाठी."

मग साडूसाहेब सावकाश म्हणाले, "म्हणजे मघाशी मी हरलो नव्हतो तर."

"नाही," पाणीमापक म्हणाले. "तुम्हाला बोलताच येत नव्हतं." आणि हे सांगताना त्यांस जेवढे जड गेले तेवढे कोणत्याही पातशहास मुलूख सोडताना गेले नसेल, ऐसे बखरनविसाचे मत आहे, आणि तेही कोणी मागितलेले नाही.

बाईसाहेबांनी झाकण काढिले. शिवणींच्या आत त्यांनी जादा कापड, ज्यास शिवणारे माया म्हणतात, ते न कापता सबंध राखले होते, म्हणोन कोट वाचला. मग हुकूम सुटला की दोघांनी समोरासमोर बसून टाके उसवावे, कापडास ओरखडा येता कामा नये, आणि जगाचे नाव काढू नये. हुकमाची तामिली जाहली. दोन्ही साडू दिवेलागणीपर्यंत नाकावर चष्मे ओढून टाके उसवीत बसले, आणि पाणीमापकांनी नकाशावरच्या लाल टाचण्या एकेक उपसून डब्यात भरिल्या, त्या सत्ता कोणत्या पक्षाकडे गेल्या हे कोणी पाहिले नाही.

दुसरे दिवशी साडूसाहेब भाषणास उभे राहिले, दोन्ही हात आकाशाकडे उभारून बोलिले, आणि कोट जागचा हलला नाही. व्यवस्थापिकाबाईंनी तेथेच सगळ्या कोटांचे काम बाईसाहेबांस सांगितले. आता बेतासाठी, म्हणजे कापड कापावयाच्या नमुन्यासाठी, मोठा जाड कागद हवा, आणि घरात तो नाही, तेव्हा पाणीमापकांनी कोणी न सांगता नकाशा भिंतीवरून उतरविला आणि पालथा घालून जमिनीवर पसरिला. बाईसाहेबांनी कात्री चालविली. थोरली पातशाही पाठीत गेली, पूर्वेकडील कॉलरीत, तेलाचे दौलतदार डाव्या बाहीत बसले, आणि महासागराचे दोन खिसे जाहले. ऐसी जगाची फेरवाटणी एका दुपारी, रक्ताचा थेंब न सांडता पार पडली.

मग बाईसाहेबांनी दोन कापडे उजेडाकडे धरून पुसले, "अहो, आतून अस्तर राखाडी लावू की निळं? तुम्हाला काय वाटतं?"

पाणीमापक दचकले. आपले मत कोणी मागावे, ऐसा प्रसंग त्यांवर पूर्वी गुदरला नव्हता. त्यांनी दोन्ही कापडे हातात घेतली, बोटांनी चोळून पाहिली, खिडकीपाशी नेली, बहुत विचार केला, आणि निळे म्हणून सांगितले. बाईसाहेबांनी राखाडी लाविले. परंतु मत मागण्यात आले, ते देण्यात आले, आणि शेवटपर्यंत ऐकून घेण्यात आले, ही फत्ते राजश्री पाणीमापकांचे नावे येथे रुजू केली आहे.