गेटावरचे इंगवले काका

इंगवले काका माझ्या घरात, माझ्या सोफ्यावर बसून, माझ्या बायकोने केलेले पोहे खात होते आणि त्याच वेळी त्यांनी मला ओळखायला नकार दिला.

नकार तोंडी नव्हता. माझा मोबाइल टुणकन वाजला. बघतो तर पद्मिनी गाडीवाल्यांच्या लखनौ क्लबच्या वेबसाइटवरून निरोप : ‘युअर रिक्वेस्ट इज नॉट ॲक्सीडेड टू.’ समोर काकांनी आपला फोन खिशात टाकला, पोह्यांवर लिंबू पिळलं आणि म्हणाले, “पोहे सर्व्हिसेबल आहेत, सुनंदाताई.”

“काका, हा नकार तुम्ही पाठवलात?”

“कुठला?”

“हा. आत्ता.”

“तो गेटावरच्या ड्यूटीनं पाठवला. मी आत्ता पोहे खातोय.”

काकांचं सगळं आयुष्य हवाई दलात विमानांची इंजिनं दुरुस्त करण्यात गेलं. मूळचे साताऱ्याकडचे, कोरेगावचे. शेवटची पोस्टिंग इकडे लखनौला झाली, अलीगंजात घर बांधलं आणि राहिले. त्यांच्या लेखी जगातल्या वस्तू दोनच प्रकारच्या. सर्व्हिसेबल, नाहीतर यू-एस. म्हणजे निकामी. स्वतःचा डावा गुडघा यू-एस. आमच्या गल्लीतली सडक यू-एस. पुण्याचा जावई सर्व्हिसेबल, “पण आवाज फार करतो.” माझ्याबद्दलचं मत त्यांनी बरेच दिवस राखून ठेवलं होतं. एकदा माझ्या नव्या गाडीचं बॉनेट उघडायचा खटका मला सापडेना आणि सुनंदाने तो डोळे मिटून ओढला, तेव्हा ते मत पक्कं झालं असावं. माझ्या गाडीला ते ‘चाकं लावलेला फ्रिज’ म्हणतात.

त्यांची स्वतःची पद्मिनी दुधी रंगाची. पुढची सीट सलग बाकासारखी, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, खिडकीला ती तिकोनी छोटी काच. ती फिरवली की वारा थेट मानेत शिरतो. लखनौसारख्या सपाट गावात काकांनी अंगणात मुद्दाम सिमेंटचा उतार बांधून घेतलाय आणि गाडी सदैव त्यावर, तोंड फाटकाकडे.

क्लबची वेबसाइट सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत मेंबर कोणाला करायचं हे ठरवायचं काम काकांनी मागून घेतलं. ती उघडली की पहिल्या पानावर एका पद्मिनीचा फोटो, खाली काकांचा मोबाइल नंबर आणि तीन प्रश्न. बस्स. मेंबर होईपर्यंत पुढे काही दिसायचं नाही. “वेबसाइट म्हणजे काय बगीचा आहे का, कुणीही यावं आणि बाकावर बसावं? मेन गेट आहे ते. आधी ओळख पटवा.” बाहेरच्या माणसाला काका ‘सिव्हिलियन’ म्हणतात. मी बँकेत आहे, म्हणजे दुप्पट सिव्हिलियन.

प्रश्न असे. थंडीत इंजिन गार असताना चोक किती ओढायचा? पावसात वायपर बंद पडले तर काचेला काय चोळायचं? गाडी उतारावर का उभी करायची?

पहिल्या अर्जात तिसऱ्या प्रश्नाला मी ‘ब्रेक तपासण्यासाठी’ असं उत्तर लिहिलं होतं. काका ते उत्तर पुढे महिनाभर पाहुण्यांना वाचून दाखवत. (बॅटरी उतरलेली असते, म्हणून. ढकलायला माणसं लागू नयेत, म्हणून.)

दुसऱ्या अर्जाला मी पेटलो. माझ्या मामांची सांगलीला पद्मिनी होती. त्या गाडीत आम्ही मागे सहा पोरं आणि एक शिलाई मशीन घेऊन नरसोबाच्या वाडीला गेलो होतो. पाऊस आला, वायपर अडले, तेव्हा मामांनी मामीच्या पिशवीतला बटाटा कापून काचेवर चोळला होता आणि उरलेल्या अर्ध्या बटाट्याची संध्याकाळी भाजी झाली होती. हे सगळं मी लिहिलं. हाच तो अर्ज, जो पोह्यांच्या वेळी नामंजूर झाला.

“उत्तर बरोबर आहे,” काका म्हणाले. “पण गाडी कुणाची?”

“मामांची.”

“मग मामांनी अर्ज करावा.”

“मामा गेले, काका.”

“वारसानं करावा.”

“मामेभावाने गाडी विकली.”

“मग गेट बंद.” त्यांनी बशी खाली ठेवली. जरा वेळानं म्हणाले, “रंग कुठला होता?”

“आकाशी.”

“सीटकव्हर?”

“मामीने शिवलेली. फुलाफुलांची.”

यावर बोलत ते दुपारच्या जेवणापर्यंत बसले. मेंबर मात्र केलं नाही.

त्यांच्या कडकपणाला कारण नव्हतं असं नाही. सुरुवातीला साइट सताड उघडी होती. एक भंगारवाला आत शिरला, सगळ्यांचे पत्ते-फोन उतरवून घेतले आणि एकेकाला विचारत सुटला, साहब, गाडी कब दे रहे हैं? त्यातल्या एकाच्या गाडीचं इंजिन तेव्हाच बसलेलं. “आजारी माणसाच्या दारात तिरडीवाल्यानं येऊन माप घ्यावं, तसं झालं,” काका सांगत. त्या दिवशी त्यांनी गेट लावलं ते लावलं.

पण क्लबचे सेक्रेटरी तिवारीजी हैराण झाले होते. ते एकदा माझ्याकडे आले. “भाईसाहब, वेबसाइट है या इमामबाड़े की भूलभुलैया? जो जाता है, बाहर ही घूमता रह जाता है. मेंबर बूढ़े हो रहे हैं, नया कोई आता नहीं. इंगवले साहब को समझाइए. आप ही के आदमी हैं.”

मराठी माणसाला मराठी माणूस समजावू शकतो, हा गैरसमज फक्त लखनौत टिकून आहे. तरी मी गेलो. रविवार सकाळ होती. काका अंगणात गाडीचं चाक काढून बसले होते. इंजिनांच्या आवाजानं कान यू-एस झालेले, त्यामुळे फोन कायम स्पीकरवर, मडगार्डवर ठेवलेला.

“काका, तिवारीजी म्हणत होते...”

फोन वाजला. सीतापूरहून एक पोस्टातले निवृत्त गृहस्थ. त्यांना मेंबर केलेलं नव्हतं, कारण त्यांनी गाडी विकून पंधरवडा झाला होता. पण विकल्यापासून झोप लागत नाही, म्हणून फोन. काकांनी त्यांना सविस्तर धीर दिला.

“तर काका, मी काय म्हणत होतो...”

फोन वाजला. कानपूरच्या रश्मीजी, शाळेत शिकवतात. वडील गेले, त्यांची पद्मिनी अंगणात उभी, कागद अजून वडिलांच्याच नावावर. म्हणून गेट बंद. “अंकल, आपने कहा था वैसे ही किया. आज दो बार खाँसी, फिर चुप हो गई.” काकांचा चेहरा असा उजळला की जणू नातवाने पहिलं पाऊल टाकल्याची बातमी असावी. “खाँसी? शाबास! मतलब पेट्रोल पहुँच रहा है. अब सुनिए...” पुढची पंधरा-वीस मिनिटं ते उभ्यानं, पाना हातात धरून, कानपूरच्या त्या गाडीच्या पोटात शिरले.

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, “काका, एवढं फोनवर सांगता, तर त्यांना आत का नाही घेत? सगळं साइटवर वाचता येईल त्यांना.”

“मग?”

“मग तुमचा त्रास वाचेल.”

काका चाकाचा नट घासत राहिले. “अवो बँकवाले, क्लबात मेंबर किती आहेत माहितीय? भरपूर. आत गेल्यावर त्यातल्या किती जणांचा फोन आला मला? आत गेलेला माणूस गेटावर कशाला थांबंल? त्याचं काम झालं. तो सॅल्यूट मारतो नि जातो.” मग म्हणाले, “ते जाऊ द्या. चहा टाकतो. दूध आहे का बघतो.”

दूध नव्हतं. काकांच्या घरात एका माणसापुरत्याच गोष्टी असतात आणि त्याही कधी संपल्या ते त्यांना आठवत नाही. काकू मुलीच्या बाळंतपणासाठी म्हणून पुण्याला गेल्या, त्या बाळाची आता शाळा सुरू झालीय. भांडण वगैरे काही नाही. काकूंना तिकडे करमतं. काकाही गेले असते, पण मुलीच्या सोसायटीत एकाच गाडीची जागा आहे आणि तिथे जावयाची गाडी लागते. गाडी विका म्हटलं की काका विषय बदलतात. काकांना पुण्याला न्या म्हटलं की काकूही विचारतात, “आणि तिला कुठे ठेवणार?”

मी कोऱ्या चहावर परत आलो. सुनंदाने विचारलं, “समजावलंत?”

“हो,” मी म्हणालो. “त्यांनी मला.”

आमची लेक इरा आतून ओरडली, “पापा, आपसे न हो पाएगा!”

दरवर्षी दशहरी आंब्याचा हंगाम आला की क्लबची सभा मलिहाबादला, तिवारीजींच्या मेव्हण्याच्या आमराईत भरते. काका मला गाडीतून घेऊन गेले. सिव्हिलियन म्हणून. वाटेत रस्त्याच्या कडेला आंब्याच्या पेट्यांचे ढीग दिसायला लागले तेव्हा म्हणाले, “समजा, गेट उघडलं. लोक येतील ते मला दिसतील?”

“नाही काका. ते येतील, वाचतील आणि जातील.”

“नाव सांगून?”

“नाव नाही लागत.”

“न बोलता जातील?”

मी हो म्हणालो. त्यांनी गिअर बदलला.

आमराईत सगळ्या पद्मिन्या झाडांखाली रांगेत उभ्या होत्या. बादलीत आंबे गार होत होते. तिवारीजींनी विषय काढला आणि सगळे वादाच्या तयारीनं सावरून बसले. तिवारीजी म्हणाले, “इंगवले साहब, एक ही बात पूछता हूँ. आपके-हमारे बाद कोई गाड़ी अटकेगी, तो चोक कौन समझाएगा?”

मला वाटलं, आता काका उसळणार. ते उठलेही. पण रांगेतल्या गाड्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मेंबरों के पते बंद रखिए. बाकी सब खोल दीजिए.” आणि बसले. तिवारीजी एवढी तयारी करून आले होते. त्यांनी आंबे वाटायला घेतले.

नुसतं उघडून काका थांबले नाहीत. रोज संध्याकाळी ते आमच्याकडे येऊ लागले. ते सांगायचे, मी टाइप करायचो. बँकेत असल्यामुळे मला कॉम्प्युटर येतो असा त्यांचा समज होता, तो मी दोन बोटांनी निभावला. चोक, कार्बोरेटर, क्लच, गळणारा रेडिएटर, उंदरांनी कुरतडलेली वायर. इतकी वर्षं फोनवर एकेकाला सांगितलेलं सगळं. हिंदीत आणि इंग्रजीत. मी एखादी गोष्ट गाळायला निघालो की ओरडायचे, “लिहा, लिहा! कुणाला विचारायची गरज पडता कामा नये.”

आणि तसंच झालं. साइटवर माणसं येऊ लागली. दिल्ली, इंदूर, कुठून कुठून. तिवारीजी खूश. बाराबंकीच्या एका डॉक्टरनं तर ते पान वाचून आजोबांची गाडी सुरू केली आणि क्लबात आला. काका म्हणाले, “व्यवस्था सर्व्हिसेबल आहे.”

फोन मात्र वाजायचा थांबला. हे मला उशिरा कळलं. सुनंदाच्या आधी कळलं, एवढंच माझं समाधान. एका रविवारी मी दुधाची पिशवी घेऊन गेलो, तर काका अंगणात बसलेले. गाडी धुऊन, पुसून झालेली. मडगार्डवर फोन. काका पेपर वाचत होते, पण पान उलटत नव्हते.

आम्ही चहा घेतला. पावसाचं बोललो. मी निघायला उठलो आणि फोन वाजला.

काका पेपर टाकून उठले. “हाँ, इंगवले!”

“अंकल, नमस्ते. रश्मी बोल रही हूँ, कानपुर से.”

“बोलिए, बोलिए! क्या हुआ? बंद पड़ी?”

“नहीं अंकल, एकदम ठीक चल रही है. साइट पर सब लिखा है न, वही देखकर किया.”

“अच्छा. फिर प्लग?”

“प्लग भी ठीक है.”

“तो फिर... क्या पूछना था?”

“पूछना कुछ नहीं है अंकल. बस, बहुत दिन से बात नहीं हुई थी. इतवार है, तो ऐसे ही...”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. परीक्षेत अभ्यासाबाहेरचा प्रश्न आल्यावर मुलं पर्यवेक्षकाकडे बघतात, तसं. मी खांदे उडवले. त्यांनी घसा साफ केला. एकदा गाडीकडे पाहिलं, तिथे काही मदत मिळाली नाही.

“अच्छा...” ते म्हणाले. “खाना हो गया?”

“अभी बना रही हूँ अंकल. तोरई की सब्जी.”

तोरई म्हणजे आपला दोडका. मी चपला घालत होतो, त्या नीट हळू घातल्या.

“तोरई में,” काका जरा पुढे वाकून म्हणाले, “वो मूँगफली का कूट डालती हैं आप?”

“मूँगफली? तोरई में? नहीं तो!”

“डालके देखिए. भूनके, मोटा-मोटा कूटना. एकदम बारीक नहीं.” काकांनी मागची खुर्ची पायानं ओढली आणि बसले. “हमारी मिसेज डालती हैं.”