कानांनी जोडलेला व्हिडिओ

"अहो, पण तुमच्या त्या व्हिडिओत आहे तरी काय काय?" खेळाच्या बाईंनी नवऱ्याला चौथ्यांदा विचारलं.

"सांगितलं ना. आपला प्रवास, रस्त्यावरचे उत्सव आणि शेवटी तुमच्या शाळेची मदतफेरी."

बाईंनी कपबशी खाली ठेवली. मुलांच्या इस्पितळासाठी शाळेने पंधरा किलोमीटर चालायचं ठरवलं होतं आणि सगळ्यांच्या पुढे होत्या खेळाच्या बाई. नव्या बुटांनी तिसऱ्याच किलोमीटरला टाचा सोलून काढल्या. मग बाई हळूच मागे राहिल्या, एका बेकरीत शिरल्या आणि तासा-दोन तासांनी बस पकडून शेवटच्या वळणावर पुन्हा गर्दीत मिसळल्या. तिथे कुणीतरी गळ्यात पदक घातलं. नको म्हणायचं राहून गेलं. उद्या शाळेत सत्कार होता आणि त्याच सभेत क्रीडाप्रमुख म्हणून त्यांचं नाव जाहीर व्हायचं होतं. सतरा वर्षं वाट पाहिली होती त्या नावाची.

नवरा शहराच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. फेरीच्या दिवशी बँड बेकरीच्या जवळच वाजवत होता, पण कोपऱ्याच्या पलीकडे. तिथून बेकरी दिसत नाही, हे बाईंनी वाकून वाकून पाहिलं होतं.

"मी कुठे दिसते का हो त्यात?"

"मला काय माहीत? मी पाहिलाय कुठे? मी ऐकून जोडलाय. जिथे आवाज छान, तो तुकडा ठेवला."

आता कुठे बाईंचा जीव भांड्यात पडत होता, तेवढ्यात मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, चार शिक्षिकांना घेऊन दारात हजर झाल्या. क्लॅरिनेटवाल्यांनीच बोलावलं होतं. मोठ्या बाई साठीच्या, पण त्याही पूर्ण पंधरा किलोमीटर चालल्या, असं सगळी शाळा सांगत होती. शाळेच्या फलकावर त्यांचा फेरीतला फोटो होता, डोक्यावर पांढरी टोपी.

व्हिडिओ सुरू झाला. आगगाडी पुलावरून खडखडत गेली. पडद्यावर मात्र सहा मिनिटं, प्रवासाला सोबत आलेल्या सासूबाईंची पिशवी.

"माझी पिशवी एवढी मळलीय?" सासूबाई हादरल्या. "चारचौघांत दाखवायची होती, तर आधी धुतली असती रे!"

मग उत्सव. ढोल घुमले, शिंगं वाजली. दिसली ती एका अनोळखी गृहस्थांची पाठ. शिक्षिकांनी जांभया गिळल्या. बाईंना मात्र ती पाठ फार आवडली. अशीच पाठ दिसत राहो!

"आता फेरी," क्लॅरिनेटवाले म्हणाले. "इथे वारा माइकमध्ये घुसत होता. मग काय केलं, कॅमेरा लांब कोपऱ्यावर ठेवला आणि त्याचं तोंड वळवलं दुसऱ्या रस्त्याकडे. असा स्वच्छ आवाज आलाय म्हणून सांगू!"

आवाज खरंच स्वच्छ होता. चित्र त्याहून स्वच्छ. समोर बेकरीची काच, काचेमागे टेबल, टेबलाखाली काढून ठेवलेले बूट आणि टेबलावर केक.

बाईंच्या मानेवरून घाम निघाला, तो थेट टाचांच्या पट्टीपर्यंत गेला.

"अगं, ही आपलीच की!" सासूबाई पुढे सरकल्या. "केक घरी आणला नाहीस तो?"

शिक्षिकांच्या जांभया उघड्याच राहिल्या. एकीने पडद्याच्या कोपऱ्यातली वेळ वाचली, दुसरीने बोटांवर हिशेब केला. मोठ्या बाईंच्या भुवया चष्म्याच्या वर निघून गेल्या.

"बाई," त्या थंड आवाजात म्हणाल्या, "या वेळी तुम्ही नवव्या किलोमीटरला असायला हव्या होत्या."

"अहो, बंद करा ते!" बाई कशाबशा पुटपुटल्या.

"थांब गं, आता तर सूर चढतोय!"

सूर चढला. बेकरीचं दार उघडलं आणि पांढरी टोपी घातलेल्या एक बाई लंगडत आत आल्या. खेळाच्या बाईंकडे त्यांची पाठ होती. मागच्या टेबलाशी बसून त्यांनी टोपी काढली, पंख्यासारखी हलवली आणि वेटरला दोन बोटं दाखवली.

"ही टोपी..." एक शिक्षिका बोलू लागली.

"शांतता!" मोठ्या बाई ताडकन उठल्या. "एवढे मोठे कलाकार वाजवताहेत आणि आपण काय पाहत बसलोय? संगीत डोळे मिटून ऐकायचं असतं. मिटा सगळ्यांनी. आजी, तुम्हीसुद्धा."

वर्गात मिटावेत तसे सगळ्यांनी डोळे मिटले. क्लॅरिनेटवाल्यांनी आवाज आणखी वाढवला. लग्नाला वीस वर्षं झाली, घरात त्यांचं वाजवणं असं कुणी ऐकलं नव्हतं.

थोड्या वेळाने खेळाच्या बाईंनी एक डोळा किलकिला केला. मोठ्या बाईंचाही एक डोळा उघडाच होता. पडद्यावर दोघी पाठीला पाठ लावून मन लावून खात होत्या.

"उद्याचा सत्कार," मोठ्या बाई ओठ न हलवता म्हणाल्या, "जरा थोडक्यात उरकू या का?"

"हो बाई. आणि क्रीडाप्रमुख?"

मोठ्या बाईंनी पडद्याकडे पाहिलं. तिथे त्यांच्यापुढे तिसरी बशी येत होती.

"तुम्हीच," त्या म्हणाल्या.