सगळे दोरे चांदवडला

"सरकारी कारभारात नवं काय काय करता येतं, यावर आपल्या विद्वानांनी जे जे लिहिलंय, त्याचा अख्खा नकाशा मी दिवाळीच्या सुट्टीत मांडून दाखवतो!" नाशिकच्या एका कॉलेजात प्राध्यापक रंगनाथांनी १९८४ साली छाती ठोकून सांगितलं.

आणि मांडलाही! बैठकीच्या खोलीत भिंतभर तीनशे बारा कार्डं. एका कार्डावर एक लेख. ज्यानं ज्याचा आधार घेतला, त्या दोघांमध्ये लाल लोकरीचा दोरा. लोकर बायकोच्या, लताबाईंच्या, अर्धवट स्वेटरची. त्यांचा अबोला सुरू झाला, पण नकाशा वाढत गेला!

शेजारचा गोटीराम सातपूरच्या कारखान्यातून पहिली पाळी करून येताना खिडकीशी थबकला.

"सर, कसला नकाशा?"

"सरकारी धोरणांचा."

"आन् ह्या लाल रेघा?"

"त्या कुठून कुठे जातात, तेच तर शोधतोय!"

झालं! संध्याकाळपर्यंत कॉलनीभर बोंब: सरकारी रस्ता येतोय, घरं जाणार! पंचवीस माणसं दारात!

"अहो, हे नुसते लेख आहेत!" रंगनाथ ओरडले.

"ऐका! लेखी पण आलंय!" गोटीराम किंचाळला.

त्या रेटारेटीत भिंतीपाशी पोचली ती गोटीरामची सासू, चांदवडकडची कुसाबाई. लेकीचं घर वाचतंय का, ते तिला बघायचं होतं. वाचता येत नव्हतं, म्हणून एका दोऱ्यावर बोट ठेवून ती निघाली. मग दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर. दर वेळी बोट खालच्या कोपऱ्यातल्या एकाच कार्डावर थांबे.

"मास्तर, समदे रस्ते हितंच का येत्यात?"

रंगनाथांनी चष्मा पुसला. तीन आठवड्यांत त्यांच्या हे ध्यानातच आलं नव्हतं! कार्ड त्यांनी मोठ्यानं वाचलं: "बहात्तरच्या दुष्काळात चांदवड तालुक्यातल्या एका गावी बायकांनी एकमतानं पाण्याची रांग लावली..."

दिल्ली-मद्रासचे झाडून सगळे विद्वान त्या एका रांगेमागे उभे होते!

"हंड्यांची रांग? ती तर म्या लावली!" कुसाबाई म्हणाली. "पँटवाला सायेब आल्ता, लिवून घ्यायला."

एवढ्या विद्वत्तेचा उगम नऊवारी लुगड्यात समोर उभा! रंगनाथांचे हात आपोआप जोडले गेले.

"मावशी, एवढं एकमत घडवलंत तरी कसं?"

"एकमत कसलं! सरपंचीण मधी घुसली. म्या तिचा हंडा नाल्यात भिरकावला. मंग समद्या गुमान उभ्या ऱ्हायल्या!"

रंगनाथांनी कोरं कार्ड उचललं. "तुमचं पूर्ण नाव सांगा. सगळ्यांच्या वर लावतो!"

कुसाबाईनं चपापून दाराकडं पाहिलं.

"नाव नको रं बाबा! ती सरपंचीण जिती हाय अजून!"