मुंगी न येणारे अंगण

एका जंगलात, मुलांनो, माती फार झाली होती.

म्हणजे ती पूर्वीपासूनच होती. पण पूर्वी ती कुणाच्या डोळ्यांवर येत नसे. मग जंगलाच्या कडेला बंगले झाले, बंगल्यांच्या दारात दगडी फरशा आल्या, आणि त्या बघून परतलेल्या प्रत्येक प्राण्याला आपल्या दारातली माती दिसू लागली.

या जंगलात श्रीपतराव नावाचे एक खवले मांजर राहत असे. खवले मांजर तुम्ही पाहिले नसेल. अंगावर कौलारू छपरासारखे खवले, हातभर जीभ, आणि दात मुळीच नाहीत. मुंग्या आणि वाळवी, एवढेच त्याचे खाणे. श्रीपतरावांच्या अंगणात, अगदी बिळासमोर, आजोबांच्या वेळचे एक वारूळ होते. सकाळी दारात बसावे, जीभ लांब करावी, की न्याहारी झाली. पोटासाठी वणवण करायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही. त्यामुळे विचार करायला त्यांना भरपूर सवड असे.

त्यांची लेक शेवंता पलीकडच्या डोंगरावर दिली होती. एकदा तिची सासू, म्हणजे श्रीपतरावांच्या विहीणबाई, पाहुण्या आल्या. वारुळाशी बसून पोटभर जेवल्या. निघताना त्यांनी एकेक करून चारही पाय उचलून झटकले आणि म्हणाल्या, "अजून मातीच आहे वाटतं तुमच्याकडे?"

त्या दिवसापासून श्रीपतरावांना घास गोड लागेना.

"अहो, त्या जेवल्या ते त्या मातीतलंच ना?" त्यांची बायको गोदाबाई म्हणाली.

"तुला व्यवहार कळत नाही," श्रीपतराव म्हणाले, आणि तरसशेटच्या दुकानी गेले.

तरसशेट जांभळीखाली दगडांचे नमुने मांडून बसत. तरस जातीचा प्राणी बोलताना हसतो. त्यात त्याच्या मनात काही नसते. पण गिऱ्हाइकांना वाटे, शेट फार अगत्यशील आहेत.

"हा शहाबादी," तरसशेट म्हणाले. "साधा, टिकाऊ. शाळेत, देवळात, कुठंही चालतो."

"कुठंही चालतो तो नको."

"मग हा काळा कडप्पा घ्या."

"उन्हात तापेल का?"

"दगड तापत नाही, श्रीपतराव. ऊन तापतं. हॅ हॅ हॅ."

श्रीपतरावांनी आवाज खाली आणला. "पलीकडच्या डोंगरावर कोणता गेलाय?"

"कोटा. हिरवट."

"मग त्याच्याहून भारी दाखवा."

तरसशेटनी जैसलमेरचा पिवळा दगड पुढे ठेवला. त्याला असे पॉलिश होते की श्रीपतरावांना त्यात स्वतःचे नाक दिसले. ते बराच वेळ बघत राहिले.

"पावसात पाय घसरेल का?"

"घरची माणसं जपून चालतात. आणि पाहुणा एकदा घसरला की लवकर परत येत नाही. हॅ हॅ. शिवाय हमी आहे. सांध्यांत आम्ही असा मसाला भरतो की तण उगवणार नाही, शेवाळ धरणार नाही आणि मुंगी तर फिरकणारच नाही."

"एकसुद्धा?"

"एक दिसली तर अख्खं अंगण परत नेईन."

"हे बेस झालं," श्रीपतराव म्हणाले. "आमच्याकडे मुंग्यांचा फार उपद्रव आहे."

हे बोलताना त्यांच्या ओठाला सकाळच्या न्याहारीतली एक मुंगी चिकटलेली होती.

निघता निघता त्यांनी विचारले, "शेट, तुमच्या स्वतःच्या दारात कोणता दगड?"

"आमच्याकडं माती. हलवाई कधी पेढे खातो का?"

मुलांनो, एवढे ऐकूनही श्रीपतराव शहाणे झाले नाहीत. त्यांना उलट तरसशेटचा साधेपणा आवडला.

काम सुरू झाले. वारूळ मध्ये येत होते. कामावरच्या रानडुकरांनी विचारले, "हे ठेवायचं का?" श्रीपतराव म्हणाले, "सगळं सपाट पाहिजे." वारूळ गेले. त्यातल्या मुंग्या आणि वाळवी बाडबिस्तरा उचलून कुंपणापलीकडे गेल्या.

कुंपणापलीकडे साळूबाई नावाची साळिंदरीण राहत असे. नवरा नव्हता, मुले आपापल्या बिळांत नांदत होती, आणि अंगण होते मातीचे. तिने कुंपणावरून हाक मारली, "भावजी, तुमच्या मुंग्या माझ्याकडं आल्यात हो!"

"राहू द्या, साळूवहिनी," श्रीपतराव म्हणाले. "तुमच्याकडे शोभतात. खरं म्हणजे तुम्हीसुद्धा आता फरशी घाला. चारचौघांत असं मातीत राहणं बरं दिसत नाही."

साळूबाईचे काटे जरासे खाली बसले.

पुढचे दिवस फार छान गेले. लांबलांबचे प्राणी अंगण बघायला येत, घसरत आणि कौतुक करीत. पूर्वी दारात बसून पोट भरे, आता श्रीपतरावांना ओढा ओलांडून जावे लागे. पण परत येताना अंगण लांबूनच चमकताना दिसे, आणि पायांचा शीण जाई.

मग शेवंता माहेरी आली. तिला दिवस गेले होते आणि अन्न म्हणून जात नव्हते. खवले पोटाला चिकटले होते.

"आई, मला दुसरं काही नको," ती म्हणाली. "आपल्या दारातल्या वारुळाची वाळवी तेवढी खावीशी वाटते. वाटभर त्याच आशेवर चालले."

सवयीने ती लहानपणच्या जागी जाऊन बसली आणि तिने जीभ लांब केली. जीभ तापलेल्या दगडाला लागली. तिने नखाने दगड खरवडून पाहिला. पुन्हा एकदा खरवडला. मग तिथेच अंगाचे वेटोळे करून ती रडू लागली.

लग्नात लेकीने श्रीपतरावांकडे काही मागितले नव्हते. आज मागितले, तर तेच त्यांनी स्वतःच्या हुकमाने उखडून टाकले होते. त्यांना स्वतःची विलक्षण लाज वाटली.

"उपटा ते दगड," गोदाबाई म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

श्रीपतराव उठले. त्यांनी खरोखरच एका सांध्यात नख घातले. एका हिसक्याचे काम होते. एवढ्यात त्यांना आठवले, की पुढच्या आठवड्यात डोहाळजेवण आहे आणि विहीणबाई येणार आहेत.

त्यांनी नख काढून घेतले. दगडाला ओरखडा तर पडला नाही ना, हे पाहिले. मग पळसाच्या पानांचा द्रोण घेऊन ते कुंपणापाशी गेले.

"साळूवहिनी, जरा..."

"अहो, मागायचं काय त्यात? तुमच्याच मुंग्या!" साळूबाई म्हणाली. तिच्या अंगणात आता कमरेएवढे वारूळ उभे होते. तिने द्रोण शिगोशिग भरून दिला, वर म्हणाली, "लेकीला उपाशी ठेवू नका. रोज न्या."

शेवंता खाऊ लागली. तिच्या चेहऱ्यावर तजेला आला. डोहाळजेवणाला विहीणबाई पिवळ्या दगडावर बसल्या, तीन द्रोण जेवल्या आणि निघताना त्यांनी एकही पाय झटकला नाही. श्रीपतरावांचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी ते द्रोण घेऊन गेले, तेव्हा साळूबाई अंगण झाडत होती.

"भावजी, मीपण तरसशेटला निरोप धाडलाय. उद्या येतील मापं घ्यायला. काल तुमच्या विहीणबाईंनी कुंपणावरून बघून नाक मुरडलं. तुम्ही म्हणाला होता तेच खरं. मातीत राहणं बरं दिसत नाही."

श्रीपतरावांच्या हातातला द्रोण पडला. लेकीचे दिवस भरायला अजून अवकाश होता.

"साळूवहिनी," ते म्हणाले, "माती म्हणजे आपली आई!"

"परवा तर तुम्ही तिला नावं ठेवत होता."

"घरच्यांनाच आपण नावं ठेवतो, वहिनी. परक्यांना कुठं ठेवतो?"

साळूबाईला हे पटले. ती भाबडी होती.

आठवड्याच्या आत जंगलात 'माती बचाव मंडळ' स्थापन झाले. अध्यक्ष श्रीपतराव. सभा त्यांच्याच अंगणात भरली, कारण तिथे बसले की अंगाला माती लागत नसे. मंडळाच्या पाटीसाठी दगड तरसशेटनी दिला. श्रीपतराव मातीविषयी असे बोलले की रानडुकरेसुद्धा गहिवरली. साळूबाईला सागाच्या पानांची शाल पांघरली आणि सर्वांसमोर तिच्याकडून शपथ घेतली, की ती जन्मात अंगणाला फरशी घालणार नाही.

टाळ्या थांबल्यावर साळूबाईने हळूच विचारले, "मग भावजी, तुमचे दगड कधी काढताय?"

"माझं तर होऊन गेलं, वहिनी," श्रीपतराव हात जोडून म्हणाले. "माझी चूक बघून तुम्ही तरी वाचलात, हे काय कमी आहे?"

यथावकाश शेवंताला पिल्लू झाले. ते श्रीपतरावांच्या अंगणात चालायला लागले की घसरे. म्हणून ते कुंपणापलीकडे चालायला शिकले.

तात्पर्य : अंगणासाठी दगड निवडताना फार डोके शिणवू नये. शेजारी तेवढा नीट निवडावा.