मामाजींच्या गाडीचा बूट

रविवारी सकाळी सव्वासात वाजता आसगावात, भुपेंद्रच्या अंगणात उभ्या असलेल्या गाडीच्या उजव्या पुढच्या चाकातून काळं ग्रीस गळताना दिसलं. गाडी भुपेंद्रची नव्हती. ती त्याच्या सासऱ्यांची, म्हणजे मामाजींची, लाखनीच्या टिकारामजींची होती. ती परत न्यायला ते स्वतः त्याच दुपारी बसनं येणार होते.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी भुपेंद्रनं सासऱ्यांची नवी मोपेड कालव्यात घातली होती. मोपेड त्याच दिवशी बाहेर निघाली. गोष्ट मात्र अजून निघते. सासरच्या प्रत्येक बारशाला, साक्षगंधाला, एकदा तर तेरवीलाही ती कोणीतरी सांगितली होती. त्यात टिकारामजी चारचाकीच्या बाबतीत फार कडक. स्वतःच्या मुलाला, सचिनलाही ते किल्ली देत नसत. त्याच टिकारामजींनी गेल्या रविवारी आपणहून फोन केला.

"जावईबापू, गाडी उभीच राहते जी. आठ दिवस घेऊन जा, चालवा."

"पाहा," शुभांगी नवऱ्याला म्हणाली होती, "बाबाचा तुमच्यावर किती जीव हाये ते."

अट एकच होती : गाडीत धान भरायचं नाही. भुपेंद्रनं ती शुक्रवारपर्यंत पाळली. शनिवारी ट्रॅक्टर मिळाला नाही आणि गिरणीवाला थांबायला तयार नव्हता. तेव्हा मागच्या सीटवर चादर टाकून, तिच्यावर पोती रचून भुपेंद्र बांधाच्या रस्त्यानं गिरणीवर गेला. येताना प्रत्येक वळणावर चाकातून टक-टक आवाज आला. तो त्यानं रेडिओ मोठा करून घरापर्यंत आणला. पण सकाळी ग्रीस दिसलं. ग्रीसला रेडिओ चालत नाही.

पवनीहून अनुप मेकॅनिक मोटारसायकलवर आला. चाकामागं डोकं घालून त्यानं बोटानं ग्रीस चोळून पाहिलं.

"भाऊ, बूट फाटला."

"म्हंजे?"

"एक्सलच्या टोकाले जॉइंट राहते. त्याच्यावर हे घड्याघड्याचं रबर. आतलं ग्रीस बाहेर पडू देत नाही आन् बाहेरची माती आत जाऊ देत नाही. हे फाटलं का ग्रीस उडते, माती घुसते. मंग जॉइंट वळताना टकटक करते."

भुपेंद्रनं आवाज खाली आणला. "पोत्याच्या वजनानं फाटते का बा?"

"कोनते पोते?"

"कोनतेच नाही. असंच विचारलं."

जॉइंट अजून वाचण्यासारखा होता. जुनं ग्रीस पुसायचं, नवं भरायचं, नवा बूट चढवायचा. तासा-दोन तासांचं काम. अडचण बुटाची होती. पवनीतलं दुकान रविवारी बंद.

"लाखनीले भेटते," अनुप म्हणाला. "हायवेवर ट्रकवाल्यांसाठी रविवारीबी उघडं राहते."

"लाखनी सोडून दुसरं गावच नाही काय?"

"तुमसरले हाये एक. पन तो गिरणीचे पट्टे इकते."

शेवटी भुपेंद्रनं लाखनीच्याच दुकानाला फोन लावला. स्वतःचं नाव सांगितलं, गाडीचं मॉडेल सांगितलं, गाडी कोणाची ते सांगितलं नाही. वर बजावलं, "भाऊ, हे कोनाले बोलू नका."

"मले काय करायचं?" दुकानदार म्हणाला. "आसगावले जानारा कोनी भेटला का देतो त्याच्या हाती."

या भागात सामान असंच जातं. औषधं, लग्नपत्रिका, मोटारीचे सुटे भाग. स्टँडवर उभ्या माणसाला गाव विचारायचं आणि हातात डबा द्यायचा. आजवर असा एकही डबा हरवला नव्हता. भुपेंद्रला धीर आला.

"सामान येतवर मी खोलून ठेवतो," अनुप म्हणाला.

त्यानं गाडी जॅकवर घेतली, चाक काढलं, एक्सल ओढून बारदान्यावर ठेवला. ग्रीस पुसायला भुपेंद्रनं घरातून एक जुनी साडी आणली. ती जुनी नव्हती हे शुभांगीनं अंगणात येऊन सांगितलं, आणि बराच वेळ सांगत राहिली. तिचं बोलणं मधेच थांबलं ते फाटकाचा आवाज आला म्हणून.

फाटकात टिकारामजी उभे होते. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पुठ्ठ्याचा डबा.

"पहिलीच बस भेटली," ते म्हणाले. "स्टँडवर तो पार्टवाला दिसला. म्हने, आसगावले चालले ना? हे तुमच्या जावयाले द्या."

भुपेंद्रनं दोन्ही हातांनी डबा घेतला. मागं गाडी तीन चाकांवर उभी होती. काय सांगावं याचा विचार करण्यात त्याची सगळी मराठी संपली.

गाडी या पाहुण्यांचीच आहे हे अनुपला माहीत नव्हतं. बुटावरचं ग्रीस पुसता पुसता तो एकदम हसला.

"बाबाजी, या इकडे, गंमत पाहा. कोन्या येड्यानं फाटक्या बुटावर सायकलची ट्यूब गुंडाळली, आन् वरून तांब्याची तार! ट्यूब पार वाळून गेली. हा बूट आजचा नाही फाटला भाऊ, महिना-दोन महिने झाले असन."

टिकारामजींनी चष्मा वर सरकवला. चष्म्याची दांडी तांब्याच्या तारेनं बांधलेली होती, पीळ देऊन, टोकं आत मुडपून. अनुपच्या हातातल्या तारेची टोकंही तशीच आत मुडपलेली होती.

शुभांगीनं एकदा वडिलांकडं पाहिलं आणि चहा ठेवायला आत गेली.

"बसतो जरा," म्हणत टिकारामजींनी गाडीचं मागचं दार उघडलं. सीटवर टेकले. सीटच्या फटीत बोट घातलं, आणि हात बाहेर काढला तेव्हा तळहातावर धानाचे दाणे होते.

भुपेंद्रनं अनुपच्या हातून तार घेतली. "मामाजी, हे तार..."

"जावईबापू, हे धान..."

दोघंही थांबले.

"तारेचं काय जी," टिकारामजी शांतपणे म्हणाले, "कुठीबी भेटते."

"धानाचंबी तसंच, मामाजी. हवेनं उडून येते."

टिकारामजींनी दाणे सदऱ्याच्या खिशात टाकले. भुपेंद्रनं तार पँटच्या खिशात टाकली. मग दोघांनी चहा घेतला आणि दोघं यंदाच्या पावसापाण्यावर बोलले. मोपेडचा विषय निघाला नाही. लग्नानंतर असं पहिल्यांदाच घडलं.

अनुपनं नवा बूट चढवला, ग्रीस भरलं, क्लॅम्प आवळले. गाडी गावाला एक फेरी मारून आली. उजव्या वळणावर, डाव्या वळणावर कुठंही आवाज नाही. भुपेंद्रनं किल्ली पुढं केली. टिकारामजींनी ती त्याच्या मुठीत परत दाबली.

"राहू द्या अजून आठ दिवस. तुमच्या हाती गाडी चांगली राहते."

आणि ते आले तसे बसनं गेले.

सोमवारी सकाळी ऑफिसला निघण्याआधी भुपेंद्रला सासऱ्यांच्या त्या शेवटच्या वाक्याचा अर्थ लागेना, म्हणून त्यानं वाकून गाडीच्या डाव्या पुढच्या चाकामागं पाहिलं. एक्सलच्या टोकाशी सायकलची ट्यूब होती. तिच्यावर तांब्याची तार, टोकं आत मुडपलेली.

"अवो," दारातून शुभांगीनं हाक मारली. तिच्या हातात फोन होता. "बाबा हायेत. विचारून राहिले, गाडी बरी चालते ना?"

भुपेंद्र अजून वाकलेलाच आहे.