सोफ्यावरचं प्रेत

मेलेल्या माणसाचं काम माझ्याइतकं झकास अख्ख्या इंग्लंडात कुणी करत नाही. ही बढाई नाही! नाटकात, सिनेमात, टीव्हीवर मी विषाने मेलोय, सुरीने मेलोय, घोड्यावरून पडून मेलोय आणि एकदा तर नुसती बातमी ऐकून मेलोय. त्यामुळे चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा, नाव मात्र कुणालाच ठाऊक नाही. बँकेत लोक मला आपला दातांचा डॉक्टर समजतात आणि तोंड मिटून घेतात.

तर त्या बुधवारी हॅरोगेटला आमच्या खुनाच्या नाटकाचा दुपारचा प्रयोग होता. नाटकात मी सर एडगर. पहिल्या अंकात ऐटीत बोलतो, अंक संपताना विष पिऊन मरतो आणि अख्खा दुसरा अंक सोफ्यावर पडून राहतो, कारण व्यवस्थापक खोट्या प्रेतावर खर्च करायला तयार नाही. पण त्या दिवशी मिसेस अ‍ॅकलंड नावाच्या बाई मुद्दाम माझं काम बघायला लंडनहून येणार होत्या. त्यांना टीव्हीच्या मालिकेसाठी गावातला म्हातारा डॉक्टर हवा होता. वर्षानुवर्षं चालणारं काम! माझ्या बायकोने, हेझलने, त्या डॉक्टरच्या भरवशावर गळकं छप्पर उतरवायलाही घेतलं होतं.

पडदा उघडायच्या आधी निरोप आला. बाईंची गाडी उशिरा आहे, मध्यंतरानंतर पोचतील. म्हणजे मी जिवंत असेपर्यंत बाई नाहीत, आणि बाई येणार तेव्हा मी मेलेला!

क्लाइव्ह म्हणजे नाटकातला इन्स्पेक्टर आणि माझा जुना दोस्त. तो म्हणाला, "गप पडून राहा. उगाच शहाणपणा करू नकोस." पण मी ठरवलं, आज असं मरायचं की बाईंची नजर हलता कामा नये.

दुसरा अंक सुरू झाला. प्रेक्षकांत बहुतेक आज्याच, मांडीवर चहाचे ट्रे घेऊन बसलेल्या. डोळे किलकिले करून पाहिलं, तर तिसऱ्या रांगेत बाई टेकत होत्या. मी एक हात हळूच सोफ्यावरून खाली सोडला. कुणी बघेना. मग एक पाय सोडला. मग बारीकसा उसासा टाकला.

"अगं बाई, जिवंत आहे की हा!" पहिल्या रांगेतली आजी म्हणाली. कुणाचा तरी कप फुटला.

आता क्लाइव्हला माझी नाडी बघणं भाग होतं. माझं मनगट धरून तो वाकला आणि कानात पुटपुटला, "मर, गाढवा." मी मोठ्याने म्हणालो, "इन्स्पेक्टर, जाण्यापूर्वी दोन शब्द!"

दोन शब्द कसले! खुन्याचं नाव तेवढं सांगितलं नाही, नाहीतर नाटक तासभर आधीच संपलं असतं. बाकी आईची आठवण काढली, बागेतल्या गुलाबांचा निरोप घेतला, शेजाऱ्याच्या कुत्र्याला माफ केलं. आज्या रडायला लागल्या. क्लाइव्ह बिचारा माझं मनगट धरून गुडघ्यांवर बसून होता, चकार शब्द बोलला नाही. शेवटी मी मेलो. टाळ्या पडल्या, म्हणून आणखी एकदा मेलो!

प्रयोग संपल्यावर बाई थेट रंगपटात आल्या. मी टाय सरळ केला.

"कमाल आहे," बाई म्हणाल्या. "रोगी एवढी बडबड करतोय आणि याने नाडी सोडली नाही! असाच शांत डॉक्टर मला हवा होता." आणि त्यांनी क्लाइव्हचा हात हातात घेतला.

माझ्या डोळ्यांसमोर बिनछपराचं घर आलं आणि त्यात उभी हेझल.

"तुमच्यासाठीही आहे काहीतरी," बाई माझ्याकडे वळल्या. "डॉक्टरचा पेशंट. दर आठवड्याला."

"संवाद बरेच आहेत?"

"तो कोमात आहे."

"मग शुद्धीवर कधी येतो?"

"ते तुमच्यावर आहे. तुम्ही हललात, की त्याच भागात मरतो."

काम घेतलं. छप्पर झालं. तेव्हापासून दर गुरुवारी मी डोळे मिटून पडलेला असतो आणि अख्खा देश माझ्यासाठी हळहळतो. रस्त्यात मात्र तो पेशंट म्हणून मला अजूनही कुणी ओळखत नाही. डोळे उघडे असतात ना!