उर्सुलाबाईंचं पारंपरिक स्वागत

मुलांनो, पाय पांघरुणात घ्या. आजची गोष्ट बर्फातली आहे.

आल्प्सच्या डोंगरातल्या एका जंगलात उर्सुलाबाई नावाच्या अस्वलीण राहायच्या. त्यांच्या पणजीनं तिथे एक लाकडी अतिथीगृह बांधलं होतं. बर्फात वाट चुकलेल्याला आत घ्यायचं, गरम सूप द्यायचं, एवढंच तिला ठाऊक होतं.

त्याची कीर्ती उष्ण जंगलांपर्यंत पोचली. मग वाट न चुकलेलेच प्राणी येऊ लागले. सुट्टी काढून, सहकुटुंब. उर्सुलाबाईंनी खोल्या वाढवल्या आणि पाटी लावली : 'आमची पाहुणचाराची थोर परंपरा'.

रोज संध्याकाळी शेकोटीपुढे 'पारंपरिक स्वागत' व्हायचं. एक कोल्हा अंगावर कापूस चिकटवून कुडकुडत यायचा आणि उर्सुलाबाई त्याला मिठीत घ्यायच्या. पाहुणे टाळ्या वाजवायचे.

एकदा ऐन कार्यक्रमात दार वाजलं. बाहेर सेप नावाचा म्हातारा रानबोकड उभा होता. त्याच्या दाढीला खराखुरा बर्फ लोंबत होता. एक पाय लंगडत होता.

"सेप, आरक्षण आहे का रे?" उर्सुलाबाईंनी हळूच विचारलं.

"वादळ काही सांगून आलं नाही, बाई."

"खोली नाही रे एकही. आणि कार्यक्रम चालू आहे."

"अहो, दार लावा ना!" चिवडा खाता खाता एक वानरीण ओरडली. "पोरांना वारा लागतोय!"

उर्सुलाबाईंनी एकदा सेपच्या लंगड्या पायाकडे पाहिलं. पण त्यांनी दार लावलं. मग कोल्हा आला. त्याला त्यांनी अशी काही मिठी मारली की वानरिणीनं डोळे पुसले.

सेप खुरडत लांडग्याच्या गुहेशी गेला.

"मला खाणार का?" त्यानं आधीच विचारून घेतलं.

"जेवण झालंय माझं," लांडगा म्हणाला. "आत ये. त्या खाटेवर पड."

दुसऱ्या दिवशी उर्सुलाबाई सूप घेऊन सेपला शोधत निघाल्या. लांडग्याच्या दारात त्यांना घोरणं ऐकू आलं.

"तुम्ही घेतलंत त्याला?" त्या म्हणाल्या. "पण तुमच्याकडे तर परंपरा नाही."

"नाही. खाट होती."

उर्सुलाबाई तिथेच बर्फात बसल्या आणि रडल्या. त्यांच्या मागून भटकायला निघालेली वानरं आली.

"अगं बाई, किती अस्सल!" वानरीण म्हणाली. "पुढच्या वर्षी आपण इथेच उतरायचं."

पुढच्या हिवाळ्यात गुहेपुढे रांग लागली. घोरून दाखवायला सेपला पगार मिळू लागला. खाटेचं आरक्षण मात्र उन्हाळ्यातच भरून गेलं होतं, त्यामुळे खुद्द लांडग्याला झोपायला जागा उरली नाही. तो अंग झाडत उर्सुलाबाईंच्या दाराशी आला. त्यांच्याकडे आता सगळ्या खोल्या रिकाम्या होत्या.

त्यांनी आधी बाहेर डोकावून पाहिलं. कोणी बघत नव्हतं.

"या," त्या म्हणाल्या. "लवकर आत या."

तात्पर्य : अडलेल्याला मदत जरूर करावी, पण दार लावून. लोकांनी पाहिली, की तिची परंपरा होते.